उणे तीनचं झाड

"टिकणारं हवं की दिसणारं?" एव्हरिलनं विचारलं, आणि हेडली नॉर्थकॉट दारातच घुटमळला. प्रश्न काही नवा नव्हता. एव्हरिल लस्कम गेली कित्येक वर्षं नदीपलीकडे ताडांची रोपवाटिका चालवत होती, आणि दारातून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच विचारून मग आत घेत होती. नवखा माणूस हसून "दोन्ही" म्हणायचा, एव्हरिल म्हणायची, "दोन्ही हवं असेल तर बाबा, स्पेनला जाऊन राहा." हेडलीला मात्र ती हा प्रश्न गंमत म्हणून विचारायची, कारण त्याचं उत्तर ठरलेलं. टिकणारं. तिचं वाक्य संपायच्या आत तो ते म्हणून मोकळा व्हायचा, आणि मागून थर्झा, त्याची बायको, डोळे फिरवून म्हणायची, "लग्नसुद्धा त्यानं असंच केलंय गं, टिकेल अशी बघून." मग तिघंही हसायची. आज मागं कुणी नव्हतं. एव्हरिल हातातली कात्री पुसत वाट बघत उभी होती आणि हा गडी नुसता कुंड्यांकडे बघत राहिला.

"काय रे राजा, बरं वाटत नाहीय का?"

"वाटतंय की. मी जरा... फिरून बघतो."

"बघ, बघ. थर्झा कशी आहे?"

"बरी आहे," हेडली म्हणाला, आणि घाईघाईनं काचघराच्या आत शिरला.

आतली हवा ओली, उबदार. बाहेर एप्रिलमधला प्लिमथचा नेहमीचा वारा, अंगातली ऊब शोषून नेणारा. ह्या मुलखात ताड लावायचे म्हणजे मुळात आडमुठेपणाच. पण एकदा ते खूळ डोक्यात शिरलं की माणूस झाडाकडे झाड म्हणून बघायचंच विसरतो. प्रत्येक झाडाचा एक आकडा असतो, उणे किती अंशांपर्यंतच्या थंडीत जगेल त्याचा, आणि ही मंडळी त्या आकड्यानंच झाडाला ओळखतात. आपल्याकडे नाव कळलं की लगेच आडनाव विचारतात ना, तसं. चुसान ताड, उणे पंधरा. खोडाभोवती काथ्याचं जाळं-जाळं गुंडाळलेला, पंख्यासारख्या पानांचा, दिसायला यथातथा. पण बर्फ पडो, वादळ येवो, हा आपला उभा. चिलीचा ताड, उणे दहा, पण खोड धरायलाच माणसाचं निम्मं आयुष्य घेणार. जेली ताड, निळसर, कमानदार झावळ्यांचा, उणे आठ म्हणतात, पण थंडीबरोबर ओल आली की संपला. आणि काचघराच्या अगदी टोकाला, जिथं एव्हरिल हीटर लावून ठेवते, तिथं राणी ताड. उणे तीन.

तिकडे हेडली कधी जायचाच नाही. थर्झा जायची. तो इकडे चुसानची खोडं दाबून बघत असताना ती तिकडे राणीखाली जाऊन उभी राहायची. माडाच्या असाव्यात तशा मऊ, लांबलचक झावळ्या, वाऱ्याशिवायही हलल्यासारख्या वाटणाऱ्या. तिथून ती ओरडायची, "हेडली, एकदाच!" आणि हा मान न वळवता सांगायचा, "थर्झा, जानेवारीत मरेल." वर्षानुवर्षं हीच दोन वाक्यं. इतकी वर्षं, की पुढं पुढं ती हाक मारायची आणि उत्तरही तीच द्यायची, त्याच्या आवाजाची नक्कल करून. एव्हरिलच्या कामगारांनासुद्धा पाठ झालं होतं ते.

खरं तर हे सगळं सुरू तिच्यापायी झालं होतं. थर्झा हाय स्ट्रीटवरच्या एका प्रवास कंपनीत बसायची. दिवसभर लोकांना उन्हात पाठवायची. ह्याला कॅनरी बेटं, त्याला सायप्रस, कुणाला मोरोक्को. तिच्या खुर्चीमागं समुद्रकिनाऱ्याचं भलंमोठं चित्र होतं, त्यात वाकलेले ताड. संध्याकाळी ती पावसात भिजत घरी यायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहून मागच्या अंगणाकडे बघायची. अंगणात काय, तर एक कपड्यांची दोरी आणि कोबी. हेडली तेव्हा बसडेपोत वेळापत्रकं लावायचा. कुठली गाडी कुठं अडकेल, कुठं पाच मिनिटं हाताशी ठेवावीत, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्याला वाटलं, हिला ऊन हवंय ना, मग आणूया. पहिला चुसान त्यानं तिच्या वाढदिवसाला आणला. थर्झानं त्या केसाळ ठोंब्याकडे पाहिलं आणि हसून हसून तिची पुरेवाट झाली. "अरे, हा तर माझ्या ग्रेस आत्यासारखा दिसतो!" पण रात्री झोपताना तिनं त्याचा हात धरून ठेवला होता, हे त्याला आठवतं. का कुणास ठाऊक, दोघांना मूल झालं नाही त्या दुःखाचं काहीतरी त्या हातात होतं असं त्याला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. ह्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

मग वाढतच गेलं. उतारावरच्या त्या अंगणात भिंतीलगत एकेक करत ताड उभे राहिले. शेजारचे लोक कुंपणावरून वाकून विचारायचे, "काय हेडली, उंट कधी आणतोयस?" रस्त्यातल्या बहुतेकांच्या दारात ते टॉर्बेचे ताड असायचे, जे मुळात ताडच नव्हेत, थर्झा मुद्दाम त्यांना ताड म्हणायची, हेडलीचा चेहरा बघायला. आणि नोव्हेंबर आला की बांधणी. हे काम एकट्याचं नाही. एकानं शिडीवर चढून सगळ्या झावळ्या दोन्ही हातांनी वर गोळा करायच्या, कवेत धरायच्या, आणि दुसऱ्यानं खालून वर दोरी फिरवत न्यायची, मग त्यावर पेंढा, मग पांढरं कापड. ताडाला जीव एकाच ठिकाणी असतो, शेंड्याच्या आत, मधल्या मिटलेल्या पोग्याच्या, म्हणजे न उकललेल्या कोवळ्या पानाच्या, बुडाशी. तो वाचला तर झाड वाचलं. फांद्या नाहीत, दुसरा फुटवा नाही. हेडली शिडीवर झावळ्या कवळून उभा, आणि खाली थर्झा दोरी घेऊन गोल गोल फिरतेय, नाकातून पाणी गळतंय, तोंडानं अखंड शिव्या. "देवा रे, लोक बायकांना मिठी मारतात, हा बाबा झाडांना मारतो!" बांधून झालं की दोघं आत येऊन केशर घातलेले गोड पाव खात चहा प्यायची. अंगणात पांढरी भुतं उभी असायची ओळीनं.

एक वर्ष त्यानं जरा जास्तच काळजी घेतली. तिनं हट्टानं घेतलेला जेली ताड, त्याला दुहेरी कापड, वरून प्लास्टिक. मार्च सरला तरी सोडायची ह्याची छाती होईना. शेवटी सोडला, आणि रिवाजाप्रमाणे पोगा चिमटीत धरून हलकेच ओढून बघितला. वसंतात सगळेच ओढून बघतात. घट्ट असला तर सुटकेचा श्वास सोडायचा. तो पोगा हातात आला. अलगद, लोण्यातून सुरी यावी तसा, आणि मागोमाग आंबूस वास. थर्झा बघत होती. ती म्हणाली, "थंडीनं नाही मेला हा. तुझ्या मायेनं गुदमरला." आणि आत निघून गेली. दोन दिवस बोलली नाही. झाडासाठी इतकं कुणी रुसतं का, असं हेडलीला तेव्हा वाटलं होतं. झाडासाठी नव्हतं ते, एवढं कळायला माणसाला म्हातारं व्हावं लागलं.

कारण त्याच हिवाळ्यात ती दोघं कॅनरी बेटांतल्या टेनेरिफला जाणार होती. तिच्या कंपनीनं कर्मचाऱ्यांना स्वस्तात दिलेली सहल. बॅगा भरलेल्या, तिनं एक पिवळा झगा घेतलेला. आणि निघायच्या आदल्या दिवशी रेडिओवर सांगितलं, कडाक्याची थंडी येतेय, आठवडाभर. हेडली अंगणाकडे बघत राहिला. थर्झानं त्याला बघताना बघितलं. "जाऊ दे," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी जाऊ." पुढच्या वर्षी झाडं वाढलेली होती. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. हिवाळ्यात घर सोडायचंच नाही असा नियम कुणी केला नाही, पण तो झाला. आयुष्यभर जगाला उन्हात पाठवणारी बाई एकदाही स्वतः उन्हात गेली नाही, का, तर नवऱ्यानं तिच्यासाठी ऊन घरी आणलं होतं आणि त्या उन्हाला हिवाळ्यात एकटं सोडता येत नव्हतं. आता ह्याला काय म्हणावं? माणूस प्रेम करतो आणि त्याच प्रेमानं दाराला कडी घालून बसतो. हेडलीला हे गेल्या काही आठवड्यांत कळलं होतं. कळून उपयोग काय, तो भाग वेगळा.

थर्झाचं दुखणं निघालं तेव्हा हॉस्पिटलात तिनं पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना बजावलं होतं, "मला महिने मोजून सांगायचे नाहीत. सांगायचेच असतील तर ह्याला सांगा, ह्याला वेळापत्रकांची सवय आहे." मार्चमध्ये, ती पडद्याआड कपडे बदलत असताना, त्यांनी ह्याला बाहेर बोलावून सांगितलं. उन्हाळा मिळेल. पानगळीपर्यंत कदाचित. त्यापुढचं धरून चालू नका. बाईंचा आवाज फार मऊ होता, आणि हेडली मख्खासारखा मान हलवत राहिला, गाडी उशिरा सुटणार असल्याचं ऐकावं तसा. मग थर्झा बाहेर आली, त्याच्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "चल, पेस्टी घेऊया, भूक लागलीय," आणि बटाटा-मांस भरलेल्या त्या पेस्टीचा एक घास खाऊन तिनं ती कागदात गुंडाळून ठेवली. तेव्हापासून तो आकडा ह्याच्या एकट्याच्या पोटात होता. ती विचारत नव्हती, हा सांगत नव्हता. घरात सगळं जुळलेलं, सुरळीत. पुढच्या डिसेंबरच्या गोष्टी हा तोंड वर करून करायचा. आणि आज सकाळी, तिची बहीण ऑनर सोबतीला आल्यावर, हा रोपवाटिकेला जायला गाडीची किल्ली उचलत असताना थर्झा खुर्चीतून म्हणाली, "हेडली, ह्या वेळी तुझ्या मनानं आण हं. मी काही म्हणणार नाही."

आता तो राणीसमोर उभा होता.

पुरुषभर उंचीची, पोगा सरळ, हिरवागार. हिला उन्हाळाभर काही होणार नाही. उन्हाळ्यात ती अशी फुलारेल की बघत राहावं. थर्झा दारात बसून रोज बघेल. पण थर्झाला आकडे ठाऊक होते. इतकी वर्षं त्याच्याबरोबर राहून तिला त्यातलं सगळं कळत होतं. इतकी वर्षं जानेवारीच्या नावानं नाकारलेली राणी आज हा घेऊन दारात उभा राहिला, तर त्याचा अर्थ लावायला तिला डॉक्टर कशाला लागतोय? आणि चुसान नेला, रोपट्याएवढा चिलीचा ताड नेला, तर ती "वा, छान" म्हणेल, आणि मरेपर्यंत तिला राणी मिळणार नाही. मरेपर्यंत. हा शब्द त्यानं मनातल्या मनातसुद्धा पहिल्यांदाच उच्चारला. तिथं एक उपडी बादली होती, तिच्यावर तो बसला. हीटर घूं घूं करत होता. आपण बायकोला उन्हाळा देतोय की तिच्याकडून हिवाळा काढून घेतोय, हे त्याला ठरवता येईना. सांगायचं नाही असं ती म्हणाली होती. पण "तुझ्या मनानं आण" असंही तीच म्हणाली होती. म्हणजे ती विचारत होती का? का नुसतीच थकली होती?

एव्हरिल मागं येऊन उभी राहिली होती. त्याला बादलीवर बसलेला बघून काहीतरी टोमणा मारायला तिनं तोंड उघडलं, मग त्याची नजर कुठं आहे ते बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. तीही आकड्यांतलीच बाई.

"अरे हेडली," ती म्हणाली. "अरे देवा."

"ही गाडीत मावेल का?"

"मागची सीट पाडली तर मावेल." एव्हरिलनं बाहीनं नाक पुसलं. "थांब, मी झावळ्या सैल बांधून देते. नीट उन्हात ठेव, पाणी भरपूर दे. आणि..." पुढं हिवाळ्याबद्दल सांगायचं असतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सांगते. ती तिथंच थांबली आणि सुतळी शोधायला लागली.

गाडीत राणीचा शेंडा पुढं दोन सीटांच्या मधोमध आला होता. गचका बसला की एक पान हेडलीच्या कानाला लागायचं. टॉर्पॉइंटला नदीपार गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीची रांग होती. रांगेत त्यानं तीनदा ठरवलं की गाडी वळवायची. परत जायचं, बदलून घ्यायचं, एव्हरिल काही विचारणार नाही. एक चुसान, धट्टाकट्टा, आणि घरी जाऊन म्हणायचं, हा बघ, ह्याला नोव्हेंबरात फारसं बांधावंसुद्धा लागत नाही. त्यानं गाडीचं चाक वळवायला सुरुवातही केली. मागच्यानं भोंगा मारला, फेरीवरच्या पोरगेल्या कामगारानं हात हलवून पुढं बोलावलं, आणि एका क्षणात गाडी फेरीच्या लोखंडी पाटावर चढलीदेखील. फाटक लागलं. साखळ्या करकरत फेरी पाण्यात सरकली. नदीवर धुकं नव्हतं, समोर प्लिमथची घरं स्वच्छ दिसत होती. हेडलीनं इंजिन बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, ही फेरी मध्येच बंद पडावी, वेळापत्रक पार कोलमडावं, आणि आपण असंच ह्या पानासकट पाण्यावर थांबून राहावं. फेरी वेळेवर पोचली.

घरी मागच्या दारात ऑनरनं थर्झाची खुर्ची उन्हात आणून ठेवली होती. मांडीवर शाल, पायात त्याचे लोकरीचे मोजे. गेल्या महिन्यात ती किती बारीक झाली होती, हे लांबून बघितलं की कळायचं. हेडली बाजूच्या बोळातून कुंडी ढकलत आला. आधी झावळ्या आल्या, मग तो. अंगणाच्या मध्यावर कुंडी ठेवून त्यानं सुतळी सोडली. झावळ्या सावकाश चहूबाजूंना खाली आल्या.

थर्झा बघत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऑनरही बघत होती.

"राणी ना रे ही?"

"हो."

"उणे तीन."

"भिंतीशी लावली तर पाचपर्यंत खेचेल. एव्हरिल म्हणाली."

"एव्हरिल असं काही म्हणाली नाही."

"मग बांधू की," हेडली म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "दुहेरी बांधू. मी शिडीवर चढतो, तू नेहमीसारखी दोरी..."

थर्झानं मान हलवली. रागानं नव्हे, मूल खोटं बोलताना पकडलं की आई हलवते तशी. "इतकी वर्षं मागत होते मी ही. दर वेळी तुला जानेवारी आडवा आला. आणि आज घेऊन आलास." ती जरा थांबली, दम खाल्ला. "म्हणजे माझ्या जानेवारीचं तुला सांगून झालंय."

हेडली पायरीवर बसला. त्यानं तोंडावर हात घेतले, पण आवाज काही आत राहिला नाही. इतका मोठा माणूस, इतका घुमा, आणि तो रडायला लागला तसा कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यानंसुद्धा आपलं गवत कापायचं यंत्र बंद केलं. आत ऑनरनं नळ सोडला आणि उगाचच सोडून ठेवला. थर्झानं हात पुढं केला. तो त्याच्या डोक्यापर्यंत पोचेना, म्हणून तिनं त्याची कॉलर धरली आणि ओढलं.

"उगी. उगी रे. मी विचारणार नव्हतेच. पण रोज तुझ्या तोंडाकडे बघून बघून मी दमले होते. तुझ्या जिभेला जन्मात जमलं नसतं."

"तू म्हणालीस सांगू नका. म्हणून मी..."

"म्हणाले होते. माणूस काय, पहिल्या दिवशी काहीही म्हणतो." ती पुन्हा राणीकडे बघायला लागली. उन्हात पानांच्या सावल्या तिच्या शालीवर पडत होत्या. "काय देखणी आहे मेली. आता ऐक माझं. हिला बांधायचं नाही."

"थर्झा..."

"बांधायचं नाही म्हटलं ना. मला दिसतंय सगळं. थंडी पडली की तू एकटा शिडी लावशील, एका हातानं झावळ्या कवळशील, एका हातानं शिडी, दोरी तोंडात, आणि पडशील तिथं भिंतीशी. उचलायला कोण आहे? थंडी येईल तेव्हा तू घरात बस. खिडकीत उभासुद्धा राहायचं नाही. हिला जायचं तेव्हा जाऊ दे. म्हण, नाही बांधणार."

हेडलीला ते म्हणता येईना. झाड उघडं टाकायचं हे त्याच्या अंगातच नव्हतं. ती कॉलर सोडायला तयार नव्हती.

"नाही बांधणार," तो म्हणाला.

"शाब्बास."

आतला नळ बंद झाला. राणीच्या मधोमध नवा पोगा मिटून सरळ उभा होता, टोकाशी किंचित उकललेला. थर्झा त्याच्याकडे बघत होती.

"उन्हाळ्यात किती पानं काढते रे ही?"

हेडलीनं डोळे पुसले. हे त्याला माहीत होतं. खरं काय ते सांगायचं की एकदोन वाढवून, एवढाच विचार त्याच्या मनात क्षणभर आला.

"चार," तो म्हणाला. "फार तर पाच."

थर्झानं बोटांवर काहीतरी मोजलं, मग हात शालीखाली घेतला.

"पुष्कळ झाली," ती म्हणाली. "मग बसलायस काय असा? कुदळ आण, खड्डा खण. अर्धं पान तर हिचं कुंडीतच फुकट जाईल."